दानउत्सवाच्या स्टॉलवर दरवर्षी वडा-जिलेबीच का?

अनघा_पुणे
२ ते ८ ऑक्टोबर हा दानउत्सवाचा आठवडा. २००९ साली 'जॉय ऑफ गिव्हिंग वीक' म्हणून सुरू झालेला. आमच्या ऑफिसात तेव्हा मुलींच्या एका वसतिगृहासाठी खाऊचे स्टॉल लागतात आणि पैसेही चांगले जमतात. पण टेबलावर तेच ते: वडे, भजी, जिलेबी, कपकेक. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ साली आलेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत. त्यातले काही आमच्याच मजल्यावर बसतात. ते पैसे देतात आणि प्लेट शेजारच्याकडे सरकवतात. हे मला बघवत नाही.

यंदा मेनू बदलूया. ओल्या शेंगांचा हंगाम असतो, मीठ घालून उकडल्या की झालं. मटकीची उसळ, आप्पे, नाचणीचे लाडू, ताक. अजून सुचवा.

स्टॉलवाला
साफ विरोध. कढईत वडा पडला की वासावर अख्खा मजला खाली उतरतो. उसळीसाठी कोण जिना उतरेल? वसतिगृहाला पैसे हवेत, आपलं पथ्यपाणी नको. वर्षातून एकदा वडा खाल्ल्याने कोणाची तब्येत बिघडत नाही.

आहारवाली
वर्षातून एकदा? वाढदिवसांचे केक, शुक्रवारचे समोसे, कोणाच्या बढतीचे पेढे, हे कुठे गेलं? वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असलेली बरी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे जेमतेम सहा चमचे. जिलेबीच्या एका प्लेटमध्येच ती मर्यादा ओलांडली जाते. तेलाचंही तेच. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात 'पोलर' संयुगं वाढत जातात. ती २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही, असा एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम २०१८ पासून आहे. सकाळपासून उकळणाऱ्या तुमच्या कढईत ते कोण मोजतं?

अनघा, तुलाही एक सांगते. नाचणीच्या लाडवात गूळ असतोच, आणि गुळाने साखर वाढत नाही हा गैरसमज आहे. 'पौष्टिक' अशी पाटी लावून मधुमेह्यांना ते विकू नकोस.

रात्रपाळी
माझा आक्षेप वेगळाच आहे. हे सगळं करणार कोण? वडे केटरर आणून देतो. आप्पे, लाडू, उसळ मात्र 'घरून करून आणा' म्हणतात, आणि ते कोणाच्या गळ्यात पडतं हे सगळ्यांना माहीत आहे. दिवसभर काम करून आलेली बाई रात्री अकराला मटकी शिजवत बसते. त्यात ऑक्टोबरचा उकाडा. कापलेली फळं आणि ताक दुपारपर्यंत टिकत नाही. कच्चे मोड तर आणूच नका, पोट बिघडायचं ते हमखास कारण.

अनघा_पुणे
हा मुद्दा शंभर टक्के मान्य. घरून काहीच आणायचं नाही. शेंगा आणि मटकी कॅन्टीनच्या भटारखान्यात शिजतील, त्यांना त्याचे पैसे द्यायचे. ताक बर्फातच राहील. आणि भेळ! कुरमुरे, कांदा, टोमॅटो, काकडी, भाजलेले शेंगदाणे, फरसाण नावाला. गिऱ्हाइकासमोर कालवून द्यायची, पुरुषांनीही कालवायची. भेळेला गर्दी होत नाही असं स्टॉलवाल्याने सांगून दाखवावं.

स्टॉलवाला
भेळेला होते, नाही म्हणत नाही. शेंगा द्रोणात घालून जागेवर नेऊन विकल्या तर त्याही खपतील. पण वडा हटवायचा नाही. ज्याला खायचाय त्याला खाऊ दे, तो दानही करतोय.

आहारवाली
मग निदान वडा दारात आणि बाकीचं कोपऱ्यात असं करू नका. शेंगा आणि भेळ पुढे लावा. शेंगदाणे, दूध, गहू कशात आहे याची पाटीही लावा, शेंगदाण्याची ॲलर्जी गंभीर असू शकते. आणि ज्याला काहीच खायचं नाही त्याच्यासाठी नुसता क्यूआर कोड ठेवा.

स्टॉलवाला
कोड ठेवतो, पाटीही लावतो. दारातली जागा मात्र वड्याचीच. त्या जागेवर जमणारे पैसे मी सोडणार नाही.

अनघा_पुणे
त्यावर सोमवारच्या मीटिंगमध्ये भांडू.