छप्पर उघडं असताना घोडे कुठे ठेवायचे?

पागेचे पत्रे बदलताना घोडे दुसऱ्या टोकाला आतच ठेवले तर चालेल का, असं वर विचारलंय. आमच्याकडे तीनच घोडे. पहिल्या दिवशी आम्हीही हेच केलं आणि दुपारीच पस्तावलो. हातोड्याच्या ठोक्यांना ते लवकर सरावले, पण पत्रा ओढल्याची करकर काही मानवली नाही. मग काम संपेपर्यंत दिवसभर तिघंही कुरणात, एकत्रच. एकट्याला वेगळं ठेवलं की तो कुंपणाच्या कडेने धावून घामाघूम होतो.

खरी धास्ती खिळ्यांची. रोज संध्याकाळी दोरीला मोठं लोहचुंबक बांधून अंगणभर फिरवायचं, मग खूर उचलून बघायचे, त्यानंतरच घोडे आत. खुरात खिळा घुसलेला दिसलाच तर घाईने उपटू नका. तो किती खोल आणि कुठल्या दिशेला गेलाय हे डॉक्टरांना एक्स-रेत दिसायला हवं. तोवर तो आणखी आत जाणार नाही एवढं सांभाळा. धनुर्वाताची लस मात्र काम सुरू होण्याआधीच.

सुतळ्या, प्लॅस्टिक, रंगाचे डबे झाकणाच्या पिंपात. घोड्याला उलटी होत नाही, गिळलं ते गिळलं.

आणि पाणी! एका घोड्याला दिवसाला साधारण २५ ते ४५ लिटर लागतं. गवंड्यांनी सिमेंट कालवायला आमची टाकीच रिकामी केली होती. आता घोड्यांचं पिंप वेगळं, आणि त्याला हात लावायचा नाही असं त्यांना बजावलंय.