मदत हवी आहे: पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरच्या जुन्या कार्ट्रिजची बॅटरी बदलायचीय, सेव्ह कसा वाचवू?

नमस्कार मंडळी. माझ्याकडे गेम बॉयच्या (निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा जुना व्हिडिओ गेम) पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरच्या दोन ओरिजिनल कार्ट्रिज आहेत, गोल्ड माझी आणि सिल्व्हर धाकट्या भावाची, काकांनी अमेरिकेहून आणलेल्या. सिल्व्हरचा सेव्ह, म्हणजे साठवून ठेवलेला गेम, उडालाय. म्हणजे गेम चालू होतो, नवीन सुरू करता येतो, सेव्ह केला तर झाला असंही सांगतो, पण बंद करून परत लावला की मेनूत कंटिन्यू येतच नाही. गोल्डचा सेव्ह अजून शाबूत आहे पण दोन्ही एकाच वेळी घेतलेल्या, त्यामुळे तीही कधीही जाईल अशी धाकधूक आहे.

एमुलेटरवर (जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर) खेळा असं प्लीज सांगू नका, गेम परत खेळण्याचा प्रश्नच नाहीये, मला तेव्हा पकडलेल्या पोकेमॉनची तीच टीम हवीय. लेक ऑफ रेजमधला लाल गॅराडोस आहे, सिंडाक्विलपासून वाढवलेला टायफ्लोजन आहे आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भावाने दिलेला फॅन्पी, तो फक्त सिल्व्हरमध्ये सापडायचा म्हणून मी त्याला माझा ग्रोलिथ दिला होता. लाडू नाव ठेवलंय त्याचं, आता डॉनफॅन झालाय. त्याच्या माहितीच्या पानावर अजून भावाचं ट्रेनरचं नाव आणि आयडी नंबर दिसतो, आणि भावाचा गेम तर गेलाच, म्हणजे त्याने तेव्हा जे काही पकडलं त्यातलं आता माझ्याकडे आहे तेवढंच उरलंय. भाऊ दिवाळीला येतोय, त्याच्या आत हे काम व्हावं असं वाटतं.

तर बॅटरी बदलताना सेव्ह जातोच का? आधी बाहेर काढून ठेवता येतो का? मी पुण्यात असते, सोल्डरिंग स्वतः कधी केलेलं नाही.

प्रतिसाद १
ताई, बॅटरी काढली की सेव्ह जाणारच, ते आधी पक्कं डोक्यात ठेवा. या गेममध्ये सेव्ह ज्या मेमरीत असतो तिला सतत करंट लागतो, तो त्या बटन सेलमधून येतो. शिवाय गोल्ड-सिल्व्हरमध्ये खरं घड्याळ आहे, दिवस-रात्र, युनियन केव्हमध्ये शुक्रवारी लाप्रास येणं, ईव्ही नावाच्या पोकेमॉनचं दिवसा एस्पिऑन आणि रात्री अंब्रिऑन होणं, हे सगळं त्या घड्याळावर चालतं आणि गेम कपाटात पडून असला तरी ते चालूच राहतं. दोन्हीचा भार एकाच सेलवर, म्हणून या जोडीचे सेल लवकर संपतात. पुढे रुबी-सॅफायर या नंतरच्या पोकेमॉन गेममध्ये सेव्ह फ्लॅश मेमरीत गेला, जिला सतत करंट लागत नाही, तिथे बॅटरी संपली तर घड्याळ थांबतं पण सेव्ह राहतो. तुमच्या गोल्डला ती सोय नाही. तिचं आजपर्यंत टिकणं हेच नशीब समजा आणि पुढे ढकलू नका.

प्रतिसाद २
सगळ्यात सेफ रस्ता म्हणजे कार्ट्रिज रीडर. जीबीएक्सकार्ट किंवा जीबी ऑपरेटर या नावाने मिळतात, यूएसबीने कॉम्प्युटरला लावायचं, कार्ट्रिज खोचायची, सेव्हची फाइल काढून घ्यायची. फाइल फक्त ३२ केबीची असते, क्षणात होतं. मग बॅटरी बदलायची आणि तीच फाइल परत कार्ट्रिजमध्ये लिहायची. जिंकलेले बॅजेस, पैसे, पोकेडेक्स म्हणजे पोकेमॉनची नोंदवही, बॉक्समध्ये साठवलेले सगळे पोकेमॉन, जसंच्या तसं. घड्याळाची वेळ तेवढी परत लावावी लागेल.
एक मात्र करा, फाइल दोनदा काढा आणि दोन्ही सारख्या आहेत का बघा, आणि एमुलेटरमध्ये उघडून कंटिन्यू येतंय ना, बॉक्स उघडतायत ना हे डोळ्यांनी बघा. त्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही. इथे एमुलेटरचा उपयोग एवढाच.

धागाकर्ती
खूप आभार! रीडर इथे लगेच मिळाला नाही तर दुसरा मार्ग आहे का? माझ्याकडे गेम बॉय कलर आणि गेम बॉय ॲडव्हान्स दोन्ही चालू आहेत. म्हणजे सिल्व्हरला नवीन सेल टाकून गोल्डमधले पोकेमॉन लिंक केबलने तिकडे पाठवून ठेवायचे असं काही?

प्रतिसाद ३
हो, होतं. सिल्व्हरमध्ये आता गमवायला काही नाही, त्यामुळे पहिला सेल तिच्यातच बदला. नवीन गेम सुरू करा, मिस्टर पोकेमॉनकडचं अंडं प्रोफेसर एल्मला नेऊन देण्यापर्यंतचा भाग उरका आणि मग पोकेमॉन सेंटरच्या वरच्या मजल्यावर ट्रेड, म्हणजे पोकेमॉनची अदलाबदल, करा. ट्रेड एकास एक असतो हे विसरू नका, तुम्ही सहा पाठवणार तर पलीकडून सहा यायला हवेत, म्हणून सिल्व्हरमध्ये आधी रट्टाटा, हूटहूट, पिजी काय मिळेल ते भरपूर पकडून ठेवा.
केबल गेम बॉय कलरवालीच हवी. ती ॲडव्हान्सला पण बसते आणि हे गेम तिच्यावरच लिंक होतात. ॲडव्हान्सची केबल, जिच्या मधोमध छोटी डबी असते, ती या कामाची नाही. आणि कोणी निन्टेन्डो डीएस वापरा म्हणालं तर ऐकू नका, त्यात गेम बॉयच्या कार्ट्रिज चालतच नाहीत.
पण ताई, या मार्गात पोकेमॉन वाचतात, तुमचा गेम वाचत नाही. गोल्डचा सेल बदलल्यावर सगळं शून्यापासून, आणि ते पोकेमॉन परत आणले तरी नव्या ट्रेनरच्या दृष्टीने ते परक्याचे, बॅज नसताना मोठ्या लेव्हलचे ऐकत नाहीत. लाडूवर भावाचं नाव राहील, ते ट्रेडने पुसलं जात नाही. तरी मला विचाराल तर रीडरची वाट बघा, आणि केबलची तयारी हाताशी असू द्या.

प्रतिसाद ४
मी अशा बऱ्याच कार्ट्रिज केल्यात म्हणून सोल्डरिंगबद्दल सांगतो. मागच्या बाजूला एकच स्क्रू असतो पण साधा नाही, ३.८ मिमीचा गेमबिट (खास स्क्रूड्रायव्हर) लागतो, तो ऑनलाइन मिळतो, पेन वितळवून वगैरे उघडायचे व्हिडिओ बघून प्रयोग करू नका, प्लास्टिक खराब होतं. सेल सीआर२०२५ घ्या आणि तो टॅबवालाच घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पट्ट्या आधीच वेल्ड केलेल्या. दुकानदार सीआर२०३२ देतो, तोही ३ व्होल्टचाच, पण तो जाड असतो, कव्हर नीट बसेलच असं नाही. साध्या सेलवर थेट सोल्डर करायला तर कोणालाच देऊ नका, तापून फुटू शकतो.
आणि चिकटपट्टीने सेल दाबून बसवणारे असतात त्यांच्यापासून लांब राहा. माझ्या मित्राची कार्ट्रिज एका रिपेअरवाल्याने अशीच करून दिली होती, महिनाभर चालली, मग हातातून गादीवर पडली, तेवढ्या धक्क्याने सेल क्षणभर सुटला आणि सेव्ह गेला. गादीवर!
बोर्डवर प्लस-मायनस छापलेलं असतं, जुना सेल काढायच्या आधी फोटो काढून ठेवा. गेम चालू ठेवून बॅटरी बदलायची एक पद्धत पण लोक सांगतात, त्यात सेव्ह राहतो हे खरंय, पण चालू सर्किटवर गरम सोल्डरिंग आयर्न टेकवायचं असतं, जरा हात चुकला की सेव्हही गेला आणि चिपही. पहिल्यांदा करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

धागाकर्ती
सगळं सविस्तर कळलं, मनापासून धन्यवाद. रीडर मागवते. तोपर्यंत गोल्ड लावून बघत राहू का रोज, की तशीच ठेवू? आणि सोल्डरिंग कोणाकडून करून घेऊ?

प्रतिसाद ४
रोज लावून बघण्याची गरज नाही. गेम चालू असताना मेमरीला करंट कन्सोलकडून मिळतो, त्यामुळे खेळून सेल संपत नाही, तो कपाटातच संपत असतो. पण सारखी काढ-घाल करू नका.
सोल्डरिंगला चांगला मोबाइल रिपेअरवाला चालेल, त्यांचा हात बारीक कामाला बसलेला असतो. टॅबवाला सेल तुम्ही स्वतः घेऊन जा, तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारून बघा नाहीतर ऑनलाइन, आणि समोर बसून करून घ्या. पहिल्यांदा सिल्व्हर द्या, काम बघा, सेव्ह करून रात्रभर ठेवा, सकाळी कंटिन्यू आलं तरच गोल्ड त्याच्या हातात द्या.

प्रतिसाद २
रीडरबद्दल राहिलं होतं. कार्ट्रिज वाचताना एरर आली किंवा दोन फाइली वेगळ्या निघाल्या तर घाबरू नका, बहुतेक वेळा पिनांवर काळा थर असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल इयरबडला लावून हलक्या हाताने पुसा, पूर्ण सुकू द्या, मग परत लावा. फाइल नीट निघेपर्यंत कार्ट्रिजमध्ये काहीही लिहायचा पर्याय दाबू नका, रीडरच्या सॉफ्टवेअरमध्ये बॅकअप आणि रिस्टोअरची बटणं अगदी शेजारी असतात.