स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटमध्ये हिरव्याऐवजी लाल प्रकाश का मिळतो?

प्रश्न : अरुणिमा_भौतिकी

नमस्कार. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असून युरोपियम आणि डिस्प्रोसियम मिसळलेले स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. घड्याळांच्या तबकड्यांवर आणि इमारतींतील आपत्कालीन मार्गाच्या पाट्यांवर दिसणारा, दिवा बंद झाल्यावरही तासन्‌तास हिरवट चमकत राहणारा हा फॉस्फर (ऊर्जा शोषून प्रकाश देणारा पदार्थ) ज्वलन पद्धतीने तयार करायचा आणि त्याच्या आफ्टरग्लोचा, म्हणजे दिवा बंद झाल्यानंतरच्या चमकेचा, अभ्यास करायचा, असे मार्गदर्शकांशी बोलून ठरले आहे.

माझी कृती अशी आहे. इंधन म्हणून युरिया घेतला. ऑक्सिडीकारक आणि इंधन यांच्या संयुजांचा हिशेब मांडताना स्ट्रॉन्शियम नायट्रेटचे उणे १० आणि ॲल्युमिनियम नायट्रेटच्या दोन रेणूंचे उणे ३० मिळून उणे ४० होतात, तर युरियाच्या एका रेणूचे अधिक ६ होतात. म्हणून एक मोल स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटसाठी ६.६७ मोल युरिया घेतला. युरोपियम १ मोल टक्का आणि डिस्प्रोसियम २ मोल टक्के ठेवले. दोन्हींची ऑक्साइडे नायट्रिक आम्लात विरघळवून मिश्रणात घातली आणि ५०० अंश सेल्सिअसला तापवलेल्या मफल भट्टीत ते ठेवले. मिश्रण उकळले, फुगले, त्याने पेट घेतला आणि पाच मिनिटांच्या आत पांढरा, सच्छिद्र फेस तयार झाला.

अडचण अशी की २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली ही पूड नारिंगी-लाल दिसते आणि दिवा बंद करताच पूर्ण काळोख होतो. हिरवा प्रकाश नाही, आफ्टरग्लोही नाही. आमच्याकडे हायड्रोजन वायूची भट्टी नाही. मफल भट्टी १,१०० अंशांपर्यंतच जाते. नमुना टाकून देऊन पुन्हा सुरुवात करावी की हाच सुधारता येईल?

---

उत्तर : भट्टीकाठी

नमुना कृपया टाकू नका. तुमच्या पुडीत युरोपियम आहे आणि ते प्रकाशही देत आहे. फक्त ते त्रिसंयुजी अवस्थेत (तीन इलेक्ट्रॉन गमावलेले) आहे आणि तुम्हाला हवे आहे ते द्विसंयुजी (दोनच गमावलेले). युरोपियमचे जे ऑक्साइड तुम्ही वापरले त्यात ते त्रिसंयुजीच असते, आणि ज्वलनाच्या वेळी किंवा त्यानंतर लगेच त्याचे क्षपण झाले नाही, म्हणजे त्याला एक इलेक्ट्रॉन परत मिळाला नाही, तर ते तसेच राहते.

या दोन अवस्थांच्या प्रकाशातील फरक नीट समजून घेतलात तर पुढचा सगळा प्रकल्प सोपा होईल. त्रिसंयुजी युरोपियममध्ये प्रकाश देणारे इलेक्ट्रॉन आतल्या ४एफ कक्षांमध्येच वरखाली होतात. त्या कक्षांना बाहेरच्या भरलेल्या कक्षांचे संरक्षण असल्यामुळे भोवतीच्या स्फटिकाचा त्यांच्यावर फारच थोडा परिणाम होतो. म्हणून पदार्थ कोणताही असो, ५९० आणि ६१२ नॅनोमीटरच्या आसपास अरुंद रेषा मिळतात आणि प्रकाश नारिंगी-लाल असतो. सीएफएल दिव्यांतला लाल फॉस्फर, म्हणजे युरोपियमयुक्त यिट्रियम ऑक्साइड, याच रेषांवर चालत असे. द्विसंयुजी युरोपियममध्ये मात्र इलेक्ट्रॉन ५डी कक्षेतून ४एफ कक्षेत उतरतो, आणि ५डी कक्षा उघड्यावर असल्यामुळे स्फटिकातील शेजारी अणू तिची ऊर्जा ठरवतात. त्यामुळे तेच द्विसंयुजी युरोपियम बेरियम मॅग्नेशियम ॲल्युमिनेटमध्ये ४५० नॅनोमीटरला निळे, स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटमध्ये ५२० नॅनोमीटरला हिरवे, आणि हल्लीच्या पांढऱ्या एलईडीत वापरल्या जाणाऱ्या कॅल्शियम ॲल्युमिनियम सिलिकॉन नायट्राइडमध्ये ६५० नॅनोमीटरला गडद लाल असते. प्रत्येक ठिकाणी रेषेऐवजी रुंद पट्टा मिळतो. एकाच आयनाकडून इतके वेगवेगळे रंग काढून घेता येतात, ही मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

आता उपाय. ज्वलन पद्धत बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. के. सी. पाटील आणि जे. जे. किंग्सले यांनी १९८८ मध्ये ॲल्युमिनासाठी मांडली. तुम्ही वापरलेले ५०० अंश आणि युरिया तिथूनच आलेले आहेत. ज्योतीचे तापमान काही क्षण भट्टीपेक्षा कितीतरी वर जाते, म्हणून इतक्या थंड भट्टीतही ॲल्युमिनेट तयार होते. परंतु हे सगळे उघड्या हवेत घडते, आणि इंधन नेमके हिशेबाइतकेच असले तर क्षपण करणारे वायू फार उरत नाहीत. युरिया हिशेबापेक्षा वाढवून पाहा. अनेकांना त्याने थेट हिरवा प्रकाश मिळालेला आहे.

त्याहून खात्रीचा मार्ग कोळशाचा. पूड एका लहान ॲल्युमिना मुशीत घ्या, ती मूस मोठ्या मुशीत ठेवा, मधल्या जागेत सक्रिय कोळशाची पूड भरा आणि वर घट्ट झाकण ठेवा. कोळसा नमुन्यात पडता कामा नये, नाहीतर पूड राखाडी होते आणि स्वतःचाच प्रकाश शोषून घेते. १,१०० अंशांवर दोन-तीन तास ठेवून, झाकण न उघडता भट्टीतच थंड होऊ द्या. गरम असताना हवा लागली तर पुन्हा ऑक्सिडीकरण होऊ शकते. या मांडणीतून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो, त्यामुळे भट्टीच्या वर हवा खेचणारी सोय असल्याशिवाय हे करू नका. ज्वलनाच्या वेळी नायट्रोजनची ऑक्साइडे आणि अमोनिया निघतात, त्यासाठीही हीच काळजी घ्या.

१९९६ मध्ये मात्सुझावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या फॉस्फरचे जे गुणधर्म प्रसिद्ध केले, ते मिळवण्यासाठी पदार्थ १,३०० अंशांच्या आसपास हायड्रोजनमिश्रित वायूत भाजला जातो. तुमची भट्टी तिथवर पोहोचत नाही, म्हणून ५ मोल टक्के बोरिक आम्ल घाला. ते वितळून कणांची वाढ कमी तापमानाला होऊ देते. जास्त घालण्याचा मोह टाळा, कारण पूड दगडासारखी घट्ट होते, ती खलात कुटावी लागते आणि जोरात कुटल्याने स्फटिकात पडणारे दोष चमक कमी करतात.

---

उत्तर : मापनशाळा

क्षपणाबद्दल वर लिहिलेले योग्य आहे. युरिया वाढवण्याबाबत मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. इंधन वाढले की वायूंचे प्रमाण वाढते, ते उष्णता बाहेर घेऊन जातात, ज्योत मंदावते आणि कधी कधी कार्बन शिल्लक राहतो. त्यामुळे क्षपण आणि स्फटिकता या दोन गोष्टी एकाच आकड्याला बांधल्या जातात आणि कोणत्या कारणाने काय बदलले, ते सांगता येत नाही. अभ्यासाचा प्रकल्प असेल तर युरिया हिशेबाइतकाच ठेवून क्षपण स्वतंत्र पायरीत करणे मला अधिक स्वच्छ वाटते. आत्ताच्या पुडीचे दोन भाग करा. एक तसाच ठेवा, दुसरा कोळशात भाजा. घटक तेच, वजने तीच, फरक मुख्यतः युरोपियमच्या संयुजेचा, अशी जोडी हाती असणे हे प्रकल्पाचे भाग्यच आहे.

मोजमापाबद्दल काही गोष्टी, कारण गोंधळ बहुधा इथेच होतो.

पहिली, दिव्याची. त्रिसंयुजी युरोपियम ऑक्साइड पदार्थांत २५० नॅनोमीटरच्या आसपास जोरदार शोषण करते, कारण तिथे ऑक्सिजनकडून युरोपियमकडे इलेक्ट्रॉन जाण्याचा पट्टा असतो. द्विसंयुजी युरोपियमचे शोषण या पदार्थात ३०० ते ४३० नॅनोमीटरपर्यंत पसरलेले असते. म्हणून फक्त २५४ नॅनोमीटरचा दिवा लावून पाहिले तर लाल भाग ठळक होतो आणि थोडासा हिरवा भाग असला तरी झाकला जातो. ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखालीही पाहा. २५४ नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना आणि त्वचेला इजा करतो, तेव्हा योग्य चष्म्याशिवाय त्याच्याजवळ जाऊ नका. आणि नमुना साध्या काचेच्या बाटलीत ठेवून पाहू नका, कारण ती काच हा प्रकाश अडवते.

दुसरी गोष्ट मी मुद्दाम सविस्तर लिहितो. स्पेक्ट्रोमीटरमधील ग्रेटिंग (प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करणारी रेषांची जाळी) दुसऱ्या क्रमाचाही प्रकाश पुढे पाठवते, म्हणजे एखादी तरंगलांबी तिच्या दुपटीच्या जागीही दिसते. उत्तेजन २६० नॅनोमीटरला दिले तर नमुन्यावरून विखुरलेला तोच प्रकाश ५२० नॅनोमीटरला शिखर म्हणून उमटतो, म्हणजे नेमका तिथे जिथे आपण हिरव्या प्रकाशाची वाट पाहत असतो. असे शिखर अरुंद असते आणि उत्तेजनाची तरंगलांबी १० नॅनोमीटरने सरकवली की ते २० नॅनोमीटरने सरकते. खरा पट्टा रुंद असतो आणि जागचा हलत नाही. उत्सर्जनाच्या बाजूला अतिनील अडवणारा फिल्टर लावला की हा खोटा भाग नाहीसा होतो. प्रबंधात आलेख देताना कोणता फिल्टर लावला होता ते अवश्य लिहा.

तिसरी, वजनाची. ०.०१ मोलच्या घाण्यात तुमचे युरोपियम ऑक्साइड अवघे १७.६ मिलिग्रॅम आणि डिस्प्रोसियम ऑक्साइड ३७.३ मिलिग्रॅम होते. साध्या तराजूवर इतके वजन दर वेळी सारखे येणे अवघड असते. एकदाच जास्त ऑक्साइड विरघळवून ठरावीक तीव्रतेचे द्रावण करून ठेवा आणि दर घाण्याला त्यातून पिपेटने घ्या. स्ट्रॉन्शियमचे प्रमाण ०.९७ धरले आहे ना, तेही तपासा, कारण दोन्ही आयन त्याच्याच जागा घेतात असे आपण मानतो.

---

अरुणिमा_भौतिकी

दोघांचेही मनापासून आभार. ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली पाहिले, तर बहुतेक पूड मंद आहे, पण फेसाच्या आतल्या भागातील काही कण हिरवे दिसतात. दिवा बंद केल्यावर तेही लगेच विझतात. मग केवळ क्षपण पुरेसे होईल का? आणि डिस्प्रोसियमचे नेमके काम काय, हेही मला अजून स्पष्ट झालेले नाही.

---

उत्तर : नीलकिरण

आतल्या भागात हिरवे कण असणे अर्थपूर्ण आहे. तिथे हवा उशिरा पोहोचली आणि इंधनाचे वायू जास्त वेळ राहिले. ते कण चिमट्याने वेगळे काढून ठेवा.

हिरवा प्रकाश आणि आफ्टरग्लो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिरव्या प्रकाशासाठी द्विसंयुजी युरोपियम पुरते. आफ्टरग्लोसाठी उत्तेजित इलेक्ट्रॉनला काही काळ अडकून पडण्यासाठी स्फटिकात सापळे लागतात आणि खोलीच्या तापमानाच्या उष्णतेने तो हळूहळू सुटावा लागतो. सुटलेला इलेक्ट्रॉन युरोपियमकडे परतला की हिरवा प्रकाश बाहेर पडतो. डिस्प्रोसियम स्वतः इथे प्रकाश देत नाही. ते सापळ्यांची संख्या आणि खोली ठरवते. सुरुवातीच्या विवेचनात मात्सुझावा यांनी डिस्प्रोसियम धन छिद्र (इलेक्ट्रॉन निघून गेल्याने उरलेली रिकामी जागा) पकडते असे मानले होते. २००५ मध्ये पीटर डोरेनबोस यांनी ऊर्जापातळ्यांचा हिशेब मांडून युरोपियमचा इलेक्ट्रॉन वहनपट्ट्यात (जिथे तो स्फटिकभर मोकळा फिरू शकतो) जातो आणि डिस्प्रोसियमपाशी अडकतो, असे दाखवले. प्रबंधात यांपैकी दुसरे स्पष्टीकरण आधाराला घ्या.

आपल्याकडच्या वाचकांना ओळखीचे एक उदाहरण देतो. क्ष-किरण विभागातील आणि अणुऊर्जा क्षेत्रातील कर्मचारी छातीवर किरणोत्सार मोजणारा जो टीएलडी बॅज लावतात, त्यात भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या डिस्प्रोसियमयुक्त कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात. तिथे सापळे इतके खोल असतात की अडकलेले इलेक्ट्रॉन महिनोन्‌महिने टिकतात, आणि चकती २०० अंशांच्या पुढे तापवल्यावर मिळणाऱ्या प्रकाशावरून त्या व्यक्तीला मिळालेली किरणोत्साराची मात्रा कळते. त्या पदार्थात प्रकाश देण्याचे काम डिस्प्रोसियमच करते. सापळा खोल असला तर मात्रामापक मिळतो, उथळ असला तर रात्री चमकणारी पाटी. तुमच्या पदार्थाचे मुख्य ग्लो शिखर, म्हणजे तापवताना सर्वांत जास्त प्रकाश मिळतो ते तापमान, खोलीच्या तापमानाच्या थोडे वर, साधारण १०० अंशांच्या आत यायला हवे. नागपूर विद्यापीठात फॉस्फरांवर दीर्घकाळ काम झालेले आहे; तुम्ही विदर्भात असाल तर ग्लो वक्र मोजून मिळण्याची विनंती तिथे जरूर करून पाहा.

तुमचे हिरवे कण लगेच विझतात, याचे एक कारण अपुरी स्फटिकता असू शकते. दुसरे, हवी ती प्रावस्थाच (स्फटिकरूपच) पुरेशी तयार झालेली नसेल. एक्स-रे विवर्तनात एकनताक्ष (मोनोक्लिनिक) स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटची तीन शिखरे २८ ते ३० अंशांच्या दरम्यान आणि एक ३५ अंशांजवळ दिसते. २५ अंशांजवळ ठळक शिखर आले तर स्ट्रॉन्शियम कार्बोनेट उरले आहे असे समजा. बोरिक आम्ल घातल्यानंतर प्रकाश ५२० ऐवजी ४९० नॅनोमीटरकडे, म्हणजे निळसर हिरव्याकडे झुकला, तर ॲल्युमिनियमचे प्रमाण जास्त असलेली दुसरी प्रावस्था तयार झाली आहे का ते पाहा. तिचाही आफ्टरग्लो उत्तम असतो, पण तो तुमचा पदार्थ नव्हे. विवर्तनासाठी पैसे मोजावे लागत असतील तर भाजण्यापूर्वीचा एक आणि नंतरचा एक, असे दोनच नमुने पाठवा.

आफ्टरग्लो मोजताना नमुना आधी दीर्घकाळ अंधारात ठेवा, नाहीतर खोलीतील दिव्यांनी भरलेले सापळे मोजणीत येतात. नंतर एकाच दिव्याने, एकाच अंतरावरून, ठरलेल्या वेळेपुरते उत्तेजन द्या. चमक किती वेळ टिकली हे नुसत्या डोळ्यांनी ठरवू नका. दर चौरस मीटरला ०.३२ मिलिकँडेला ही मर्यादा सर्वत्र धरली जाते, आणि तेवढे संवेदनशील उपकरण नसेल तर काळाबरोबरच्या ऱ्हासाचा वक्र द्यावा, तासांचा दावा करू नये.

---

उत्तर : भट्टीकाठी

युरियाबाबत "मापनशाळा" यांचा मुद्दा मला पटतो. अभ्यासासाठी क्षपण वेगळ्या पायरीतच करा. एक सूचना राहिली होती. भाजलेली पूड पाण्याने धुऊ नका आणि उघडी ठेवू नका. स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटचे पाण्यात जलविघटन होते आणि चमक जाते. म्हणूनच बाजारातील बाहेर वापरायच्या रंगांत कणांवर संरक्षक थर चढवलेला असतो. बोरेटचे अवशेष काढण्यासाठी गरम पाण्याने धुण्याची सवय काही प्रयोगशाळांत असते, ती या पदार्थाला लागू करू नका. कोरडे इथेनॉल वापरा, पूड ओव्हनमध्ये वाळवा आणि सिलिका जेल घातलेल्या डेसिकेटरमध्ये ठेवा. दोन्ही भागांच्या बाटल्यांवर घाण्याची तारीख लिहा आणि भाजण्यापूर्वीचा वर्णपट आजच घेऊन ठेवा.