एव्हीआर (जनरेटरचं व्होल्टेज आपोआप सांभाळणारा रेग्युलेटर) लावला की रोटर अँगलचे (ग्रिडच्या तुलनेत रोटर किती पुढे-मागे आहे त्या कोनाचे) झोके वाढतच जातात, चूक कुठे असेल?

दादर_ईई: एमटेकचा प्रोजेक्ट आहे, एक जनरेटर, लांब लाइन आणि पुढे इन्फिनाइट बस (व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी न बदलणारं मोठं ग्रिड) एवढंच मॉडेल. फॉल्ट (शॉर्ट सर्किट) १०० मिलिसेकंदात क्लिअर करतो. एव्हीआर नसताना अँगल हळूहळू शांत होतो, पण एव्हीआरचा गेन (व्होल्टेजमधल्या फरकाला तो किती जोरात उत्तर देतो ते) २०० ठेवला की पहिला झोका छान सावरतो आणि नंतर सेकंदाला एक असे झोके मोठे मोठे होत जातात. गेन २० केला की ठीक. तीन दिवस झाले, लोकलमध्ये उभ्या उभ्या पण समीकरणं तपासतोय, चूक सापडतच नाहीये.

कळवा_टेस्टिंग: चूक नाहीये रे, मशीन खरंच असंच वागतं. जड लोड आणि लांब लाइन असली की के५ (अँगल बदलला की जनरेटरचं व्होल्टेज किती बदलतं तो गुणांक) निगेटिव्ह होतो, मग एव्हीआर फील्डला (रोटरच्या चुंबकीय वाइंडिंगला) जो धक्का देतो तो फील्डच्या लॅगमुळे उशिरा पोचतो, आणि झोपाळा ज्या दिशेने जातोय त्याच दिशेने आपण ढकलल्यासारखं होतं. सिंक्रोनायझिंग टॉर्क (रोटरला जागेवर ओढणारा) वाढतो, डॅम्पिंग (झोके शांत करणारं) जातं. डीमेलो आणि कॉन्कॉर्डियाचा १९६९चा पेपर वाच, नेमकं हेच आहे. पण गेन कमी करू नकोस, पहिला झोका त्याच्यावरच सावरतोय. पीएसएस (पॉवर सिस्टिम स्टॅबिलायझर, झोके दाबायला एव्हीआरला जादा सिग्नल देणारा) लाव. स्पीड डेव्हिएशन इनपुट, १० सेकंदांचा वॉशआउट (फक्त बदल पुढे जाऊ देणारा फिल्टर), आणि लीड-लॅग (सिग्नलची वेळ पुढे-मागे करणारा ब्लॉक) १ हर्ट्झला एक्सायटर (फील्डला करंट देणारा) आणि फील्डचा मिळून जितका लॅग आहे तेवढा भरून काढेल असा.

ठाणेकर७७: आधी फॉल्ट न देता २० सेकंद रन करून बघ, अँगल सरकला तर इनिशियल कंडिशनच चुकलीय, बाकी सगळं नंतर.

वसई_लोकल: मुंबई १२ ऑक्टोबर २०२० ला अंधारात गेली ती यामुळेच का?

कळवा_टेस्टिंग: नाही, तिथे लाइन्स ट्रिप झाल्या आणि नंतर आयलंडिंग (शहराला ग्रिडपासून वेगळं करून चालू ठेवणं) टिकलं नाही, तो विषय वेगळा. वाढत्या झोक्यांनी ग्रिड तुटलं ते १० ऑगस्ट १९९६ ला, अमेरिकेच्या पश्चिम भागात, साधारण ०.२५ हर्ट्झचे झोके होते. म्हणून सांगतो, पीएसएस नुसता मॉडेलमध्ये ठेवून भागत नाही, साइटवर तो ट्यून न करता बंद ठेवलेला मी पाहिलाय आणि फार वाईट वाटतं.

दादर_ईई: फॉल्टशिवायचा फ्लॅट रन सरळ आला. के५ खरंच निगेटिव्ह निघाला. पीएसएस लावला, ४-५ सेकंदांत शांत! पण आउटपुट लिमिट किती ठेवू?

कळवा_टेस्टिंग: ±०.०५ पीयूने (पर युनिट, म्हणजे रेटेड व्होल्टेजच्या ५%) सुरुवात कर.