वाईच्या जुन्या आळ्यांसाठी बांधकामाची मार्गदर्शिका : काय लिहावं, काय खोडावं?

घाटाजवळची :

नमस्कार मंडळी. मी वाईची, मधल्या आळीतली. आमच्याकडचे वाडे एकेक करून उतरवले जातायत आणि त्या जागी खाली खांबांवर पार्किंग, वर काचेच्या सरकत्या खिडक्या, अशा इमारती उभ्या राहतायत. आळीतल्या काही जणांनी ठरवलंय की कृष्णेच्या घाटालगतच्या जुन्या भागात नवं बांधकाम कसं असावं याचा एक मसुदा नगरपालिकेला द्यायचा. मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे लिहायचं काम आपोआप माझ्या गळ्यात.

आमच्यातल्या एकांनी आधीच दोन पानं लिहून आणलीत. त्यात "सर्व इमारती पेशवेकालीन शैलीत असाव्यात" असं वाक्य आहे, पाच रंगांची यादी आहे आणि कमानींचं चित्र आहे. वाचताना मला काहीतरी खटकतंय, पण बैठकीत मुद्दा मांडता येईना. शिवाय माझे दीर वाड्यातच राहतात, ते म्हणतात, "वहिनी, कौलं परतायला माणूस मिळत नाही आणि तुम्ही मला नियम शिकवताय."

अशा मार्गदर्शिकेत नेमकं काय असावं? ती कायद्यात बसवायची कुठे? आणि दिरांना काय सांगू?

निवृत्त_आरेखक :

ताई, ते "पेशवेकालीन शैली" सगळ्यात आधी खोडा.

माझी नोकरी नगररचनेच्या कार्यालयात नकाशे काढण्यात आणि तपासण्यात गेली. "सुसंगत", "साजेसं", "पारंपरिक शैलीत" हे शब्द टेबलावर आले की कनिष्ठ अभियंता काय करणार? नकाशावर महिरप दिसली की शिक्का. मग स्लॅबच्या इमारतीला फायबरची महिरप चिकटवतात, खाली तीच खांबांची अंधारी पोकळी. त्यापेक्षा आपण सिमेंटचे आहोत हे न लपवणारं साधं घर मला परवडतं. जो नियम टेप आणि ओळंबा घेऊन तपासता येत नाही, तो लिहूच नका.

आणि लिहिण्याआधी मोजा. टेप, आलेख कागद आणि दोन उत्साही पोरं घेऊन आळीच्या एका टोकापासून सुरू करा. आळीची रुंदी, जोत्याची उंची, ओट्याची खोली, पागोळ्या पडतात तिथली उंची, दरवाजाची रुंदी, भिंतीत खिडक्या किती आणि कोरी भिंत किती. सगळ्या घरांची दर्शनी बाजू एकापुढे एक काढून लांब पट्टी करा. मधली आळी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह यांची मापं एकसारखी निघणार नाहीत, आणि तेच हवंय. अख्ख्या गावाला एक नियम लावण्यापेक्षा आळीगणिक एक पान करा.

मापं घेताना कारण विचारत चला. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची बाजू माशासारखी निमुळती का? गणपतराव रास्त्यांनी 1762 मध्ये देऊळ नदीच्या पात्राला लागून बांधलं, पुराचं पाणी त्या टोकावर फाटून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. जुन्या घरांच्या दगडी जोत्यांचंही तसंच पाहा, कुठं पाणी चढतं, कुठं नुसता चिखल होतो. ही कारणं मसुद्यात आली तर "जोतं शेजारच्या घराच्या पातळीत ठेवा" या ओळीला वजन येतं. पाटबंधारे खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषा याच नकाशावर उमटवून घ्या. निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. काही घरांचा निकाल तिथेच लागेल.

आता खरं दुखणं. तुमच्या त्या दोन पानांत रस्तारुंदीबद्दल एक तरी ओळ आहे का? नसणारच. वाडे पडण्याला भाऊबंदकी, तीस रुपये भाड्याचे कूळ, वाळवी ही सगळी कारणं आहेतच, पण आळीचं रूप जातं ते रस्तारुंदीच्या रेषेने. नवं बांधकाम करणाऱ्याला त्या रेषेमागे सरकावं लागतं. शेजारचा वाडा जागचा हलत नाही. पुढचा मालक दहा वर्षांनी बांधतो, तोही सरकतो. आळी पडक्या दातांसारखी दिसायला लागते, रस्ता सलग रुंद होतच नाही, आणि सोडलेल्या तुकड्यात दुचाक्या लागतात. ओटा गेला, सलग भिंत गेली, सावली गेली. म्हणून ठासून मागायचं ते हे : ठरवलेल्या हद्दीतल्या आळ्यांवरच्या रुंदीकरणाच्या रेषा रद्द करा आणि नवं घर जुन्या घराच्या रेषेवरच बांधायला लावा. अग्निशमनाची गाडी कशी जाणार, हा प्रश्न हमखास येईल आणि तो रास्त आहे. कोणत्या आळीत गाडी शिरते आणि जिथे शिरत नाही तिथे पाण्याची तोटी कुठे बसवायची, ते नकाशावर दाखवूनच जा.

कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 चं कलम 22 काढून वाचा. ऐतिहासिक आणि वास्तुकलेच्या दृष्टीने मोलाच्या जागांचं जतन हा विकास आराखड्याचाच विषय असल्याचं त्यात लिहिलंय. म्हणजे तुम्ही काही उपकार मागत नाही. आराखड्यात किरकोळ फेरबदल कलम 37 खाली होतो : नगरपालिकेचा ठराव, हरकती-सूचना, मग शासनाची मंजुरी. डिसेंबर 2020 पासून मुंबईसारखे अपवाद सोडून राज्यभर लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत वारसा वास्तूंची यादी, श्रेणी आणि समिती यांची तरतूद आहे. मुंबईत वारसा नियम 1995 पासून आहेत. यादी मंजूर झाली नाही तर तुमची मार्गदर्शिका छान छापलेली पुस्तिका होऊन कपाटात जाईल.

पार्किंगला एक ओळ पुरे : आळीकडच्या बाजूला तळमजल्यावर खोली, दुकान किंवा ओटा असलाच पाहिजे, गाड्या मागे किंवा आळीबाहेरच्या सामायिक जागेत. रंगांची यादी फेकून द्या.

पेठेतला_दुकानदार :

काका, लिहिता छान, पण दुकानाच्या पाट्यांवर कोणी बोलत नाही. आमच्या गावात (नाव सांगत नाही) अशीच एक पुस्तिका निघाली. मला पाटी लहान करायला सांगितली, मी केली. समोरच्या मोबाइलवाल्याचा फ्लेक्स अजून दोन मजल्यांवर पसरलाय आणि त्यावर नेत्याचा वाढदिवस आहे. जयपूरच्या परकोट्यात, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात, गेलो तर सगळी दुकानं एकसारख्या अक्षरांत, क्रमांकासकट. तिथे चालतं, कारण कुणालाच सूट नाही. ताई, नियम करणार असाल तर आधी वाढदिवसाचे फ्लेक्स उतरवून दाखवा, मग आमच्याकडे या.

साबरमती_मराठी :

अहमदाबादेत राहते, माहेर साताऱ्याचं. इथल्या जुन्या शहराला 2017 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पोळांतली, म्हणजे इथल्या जुन्या आळ्यांतली, लाकडी घरं टिकवणाऱ्या मालकांना टीडीआर मिळतो, म्हणजे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायला विकता येतो, तो विकून दुरुस्तीला पैसा उभा करता येतो. वाईत असं काही करता येईल का?

निवृत्त_आरेखक :

@साबरमती_मराठी, टीडीआर विकायला घेणारा बिल्डर लागतो. अहमदाबादेत चटईक्षेत्राची भूक आहे. वाईत तो कागद घेऊन मालक कोणाच्या दारात उभा राहणार? लहान गावात मला तरी घरपट्टीत सवलत आणि परवानगीतली सुटका याच दोन गोष्टी चालतील असं वाटतं.

@दुकानदार, फ्लेक्सचं शंभर टक्के पटलं. पाटीचा नियमही मापातच लिहा : वळचणीखाली, दरवाजाच्या रुंदीएवढी, आतून दिवा नसलेली. दोन मजली फ्लेक्स त्यात आपोआप बसत नाही, मग त्यावर कोणीही असो.

ताई, तुमच्या दिरांचं म्हणणं मसुद्याच्या पहिल्या पानावर घ्या. आज तुळई बदलायची म्हटलं तरी माणूस परवानगीच्या धास्तीने हात लावत नाही, आणि मग एक दिवस नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 195 ची धोकादायक इमारतीची नोटीस येते. त्यावर वाडा पाडणारा ठेकेदार हजरच असतो. म्हणतो, "सागवान मला द्या, पाडून फुकट देतो." म्हणून लिहा की तीच उंची, तेच सामान, तीच रेषा ठेवून केलेल्या दुरुस्तीला लेखी कळवणं पुरेसं धरावं. धोक्याची नोटीस निघाली तर पाडण्याआधी संरचना अभियंत्याची तपासणी, आणि पाडायचंच ठरलं तर मोजून काढलेला नकाशा आणि फोटो नगरपालिकेत जमा.

आणि दिरांना एवढं सांगा की मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. आत ओल कोंडते, भिंत पोटातून भुसभुशीत होते आणि वरून कळतही नाही. चुन्याचा करा, महाग पडला तरी.

घाटाजवळची :

काका, दीर वाचून हसले. म्हणाले, "हा माणूस कामाचा आहे, कौलं परतणारा ठाऊक आहे का विचार." तोही सुचवा कोणी असेल तर!

बैठकीत "शैली" खोडायचा प्रस्ताव मांडते. ज्यांनी कमानींचं चित्र काढलंय ते रागावतील, त्यांना मोजणीच्या पट्टीचं काम देते, हात चांगला आहे त्यांचा. एक शंका : कृष्णाबाईच्या उत्सवात घाटावर मांडव पडतात, एरवी तिथेच सिनेमावाले तात्पुरते सेट उभारतात. हे आमच्या हद्दीत घ्यायचं की नाही?

निवृत्त_आरेखक :

उत्सवाला हात लावू नका, तो प्रत्येक घाटाचा मान आहे आणि मांडव उतरतो. सेटवाल्यांसाठी दोन अटी घाला : फरसबंदीत खिळा किंवा पहार नाही, आणि अनामत रक्कम आधी. मोजणी झाली की पट्टी इथे टाका, पावसाळ्याआधी जमवा. एकदा ताडपत्र्या बांधल्या की वळचणीची उंची मिळत नाही.