मृत जन्मलेलं बाळ आईला दाखवावं की नाही?

अंजिरी: माझं स्पष्ट मत, दाखवावं. निदान तिला विचारावं तरी! भावजयीचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. ती गुंगीतून बाहेर येईपर्यंत घरच्यांनी बाळाला पुरूनही टाकलं. खाट बाळंतिणींच्याच वॉर्डात, आजूबाजूला बाळं रडतायत, आणि तिसऱ्या दिवशी तिला पान्हा फुटला. दूध येईल, त्याचं काय करायचं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. अजून ती भावाला विचारते, "जावळ होतं का हो त्याला?" त्यानेही धड पाहिलं नव्हतं. भेटायला येणाऱ्यांचं मात्र एकच, "तरुण आहात, होईल दुसरं."

विनायक_सातारा: नाही पटलं. जुन्या माणसांनी आईला लांब ठेवलं ते मायेपोटीच. ओली बाळंतीण, आधीच खचलेली; ते रूप तिच्या डोळ्यांसमोरून जन्मभर हलणार नाही. आमच्याकडेही असं झालं. पत्नी म्हणाली, मला बघायचं नाही. आम्ही विषय काढला नाही, ती सावरली.

प्रसूतीकक्षातली सिस्टर: विनायकदादा, वहिनींनी स्वतः नको म्हटलं. अंजिरीताईंच्या भावजयीला कुणी विचारलंच नाही. बाळ जाऊन काही दिवस झाले असतील तर कातडी सोलवटलेली असते. ते आधी सांगायचं, बाळाला दुपट्यात गुंडाळायचं, हवं तर नुसती पावलं दाखवायची. पायाचा ठसा घेऊन ठेवावा. आज नको म्हणणारी पुढे मागायला येते. दुधासाठी थंड शेक आणि छातीला आधार. दुखेल तेवढंच काढावं, फार काढलं तर आणखी येतं. दूध थांबवायची गोळी डॉक्टरांना विचारूनच.

रजेचं बोला: गर्भपातानंतर ६ आठवडे पगारी रजा १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यापासूनच आहे. बाळ मृत जन्मलं किंवा जन्मल्यावर लगेच गेलं, तर केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना ६० दिवसांची विशेष रजा, असा २०२२ चा आदेश आहे. बापाचं त्यात नावही नाही. त्याने मूठमाती द्यायची आणि सोमवारी कामावर हजर व्हायचं?

विनायक_सातारा: बापाच्या रजेला माझा पाठिंबा. ठसाही मान्य. पण सरकारी दवाखान्यात खाटा पुरत नाहीत, वेगळी खोली कुठून आणणार?

अंजिरी: खोली नसेल तर खाट कडेला घ्या, पडदा ओढा. आणि केसपेपरवर ठळक लिहा, म्हणजे राउंडला येणारा प्रत्येक जण "बाळ कुठंय?" असं विचारणार नाही. तिला ते दोनदा ऐकावं लागलं.

विनायक_सातारा: हे व्हायलाच हवं. फक्त एकदा नको म्हटल्यावर आईच्या मागे लागू नका. यावर मी ठाम आहे.