मदत हवी आहे : इम्युनोथेरपीच्या काळात तंतुमय आहार आणि प्रोबायोटिक

माझ्या काकांना फुप्फुसाच्या कर्करोगासाठी पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध लढायला मदत करणारे) औषध सुरू होत असून, या काळातील आहाराविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रातील संशोधकांनी २०२१ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडलेल्या अभ्यासात, इम्युनोथेरपी घेणारे मेलॅनोमाचे (त्वचेच्या एका कर्करोगाचे) जे रुग्ण रोज किमान २० ग्रॅम तंतुमय पदार्थ खात होते, त्यांचा आजार अधिक काळ आटोक्यात राहिल्याचे दिसले. आतड्यातील जिवाणू हे तंतू आंबवतात आणि त्यातून तयार होणारी मेदाम्ले प्रतिकारशक्तीच्या पेशींवर परिणाम करतात, हे त्यामागचे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत उपयुक्त जिवाणूंच्या कॅप्सूल, घेणाऱ्यांना मात्र तसा लाभ दिसला नाही. उलट उंदरांवरील प्रयोगांत त्यामुळे उपचाराचा प्रतिसाद घटला. (भेटायला येणारे नातेवाईक नेमक्या याच कॅप्सूल घेऊन येतात.) हा अभ्यास निरीक्षणात्मक होता आणि वेगळ्या कर्करोगाचा होता, याची मला जाणीव आहे.

काकांचा आहार सध्या मऊ भात आणि वरणापुरताच उरला आहे. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पेरू असे पदार्थ पोटाला झेपतील अशा बेताने वाढवायचे असल्यास सुरुवात कशाने आणि किती प्रमाणात करावी? या औषधाने आतड्याला सूज येऊन जुलाब होऊ शकतात. तसे झाल्यास तंतुमय पदार्थ लगेच थांबवावेत का? घरचे ताक चालेल, की तेही प्रोबायोटिकप्रमाणेच टाळावे? उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणताही बदल करणार नाही. परंतु कर्करोग रुग्णांसोबत काम केलेल्या आहारतज्ज्ञांनी आपला अनुभव कळवावा, ही विनंती.